लेडी ॲमाबेलचं माहेर

लेडी ॲमाबेलचा बाप कोण, हा प्रश्न इंग्लंडात साडेसातशे वर्षं कोणी फारसा मनावर घेतला नव्हता. तो मनावर घेतला जपानमधल्या उरायासुच्या एका मंगल कार्यालयाने, आणि तोही भूकंपानंतर.

मंगल कार्यालय म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. दिसायला ते इंग्लंडातल्या खेड्यातलं चर्च होतं. दगडी कमान, रंगीत काचा, टोकाला घंटा. आत ख्रिस्ती माणूस मात्र औषधालाही सापडत नसे. जपानमध्ये नवरा-नवरी कुठल्याही धर्माची असोत, पांढऱ्या झग्यातलं लग्न चर्चमध्येच शोभतं अशी लोकांची समजूत, आणि आताचे मालक शिबासाकी-सान यांच्या वडिलांनी ती समजूत ओळखून समुद्र बुजवलेल्या जमिनीवर हे चर्च उभं केलं. ते अस्सल वाटावं म्हणून इंग्लंडातल्या एका लिलावातून दगडी बाई आणली. थडग्यावर कोरतात तशी आडवी निजलेली, हात जोडलेली, पायाशी कुत्रं. हीच लेडी ॲमाबेल. लग्न लागलं की जोडपं तिच्या पायाशी एक फूल ठेवी. थडग्यावरची बाई लग्नात कशाला, असं वीस वर्षांत कोणीही विचारलं नाही.

मग दोन हजार अकराचा मार्च आला आणि उरायासुच्या जमिनीचं पिठलं झालं. रस्त्यातली मॅनहोलं माणसाच्या छातीएवढी वर आली, विजेचे खांब एकमेकांच्या कानाला लागले आणि चर्च एका बाजूला कललं. बाईला मात्र खरचटलंही नाही. चर्च सरळ करायला दोन वर्षं लागली. आणि ते पुन्हा उघडणार अशी पत्रकं वाटली गेली तेव्हाच इंग्लंडातून चार पानी पत्र आलं.

पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. भूकंपाआधी त्यांच्या मुलाचं लग्न इथेच लागलं होतं. आभार वगैरे मानून झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं, की आपल्या पत्रकात ही बाई हार्डवेलच्या अर्ल ह्यूची मुलगी म्हटली आहे. पण आमच्या भागातले जाणकार तिला वॉल्टर नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याची मुलगी मानतात. पुरावा दोन्हीकडे नाही. कळावे.

हे पत्र शिबासाकी-सानांनी खणात टाकलं असतं. पण ते आधी सगळ्या कार्यालयात फिरलं, आणि पहिल्या दिवशी ज्यांची लग्नं ठरली होती त्यांतल्या एका नवरीच्या आजीपर्यंत पोचलं. आजीबाईंनी फोन करून अतिशय नम्रपणे विचारलं, "आमची नात जिच्या पायाशी फूल ठेवणार, तिचे वडील नक्की ठरले की कळवाल का?"

अशा रीतीने हे काम चारुता दाबकेकडे आलं.

चारुता पुण्याची, प्राणिशास्त्राची एम.एस्सी. नवरा शशांक जवळच्या कोतोमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर होता आणि ती त्याच्या व्हिसाला जोडून उरायासुला आलेली, म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही असा शिक्का पासपोर्टात घेऊन. तीन वर्षांत तिला स्वतःच्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. घरमालकापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांची ती 'दाबके-सानची ओकुसान', म्हणजे दाबक्यांची बायको. जपानीच्या वर्गात शिकवायला येणाऱ्या मोचिझुकी-सान याच कार्यालयात लग्नांची आखणी करत. त्यांनी तिला मुलाखतीला नेलं.

शिबासाकी-सानांनी तिचा कागद दोन्ही हातांत धरून वाचला. "आई-बाप शोधण्याचा अनुभव आहे?"

"आहे. माझा प्रबंध त्यावरच होता."

"कोणत्या घराण्यावर?"

"गोगलगायींवर."

शिबासाकी-सानांनी श्वास दातांतून आत ओढला. चारुताने खुलासा केला, की त्यांच्या बहुतेक जातींत प्रत्येक जण आईही असतो आणि बापही, त्यामुळे त्यांच्यात घराण्याचे वाद नसतात, फक्त मोजमाप असतं.

"वाद नसतात," शिबासाकी-सान मोचिझुकींकडे वळून म्हणाले. "फार छान." आणि नेमणूक झाली.

काम ऑक्टोबरात सुरू झालं. अहवाल द्यायचा, त्यावरून पितळी पाटी करायची आणि उद्घाटनाच्या दिवशी बाईच्या उशाशी लावायची. पाटीवर तीन ओळी: बाईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आणि खाली 'संशोधन: चारुता दाबके'. ही तिसरी ओळ मोचिझुकी-सानांनी सहज सुचवली होती. चारुताने घरी येऊन ती कागदावर लिहून फ्रिजवर लावली.

"पितळेत?" शशांकने विचारलं.

"पितळेत."

"म्हणजे भूकंपातही राहील."

त्याच महिन्यात दुसरीही एक गोष्ट नक्की झाली. चारुताला दिवस गेले होते. एप्रिलची तारीख निघाली. आणि उद्घाटन ठरलं होतं मार्चअखेरीच्या एका ताइआनला. ताइआन म्हणजे जपानी पंचांगातला आपला मुहूर्त. त्या दिवशी चर्च भरलेलं आणि इतर दिवशी ओस. आता मार्चअखेर हजर राहायचं तर विमानात बसू देतात ते आठवडे उलटून जाणार. म्हणजे बाळंतपण इथेच.

हे तिने पुण्याला आईला सांगितलं आणि सिंधूताईंनी संगणकाच्या पडद्यावरूनच कपाळाला हात लावला.

"पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही? लोक काय म्हणतील?"

"इथले लोक काही म्हणत नाहीत, आई."

हे खोटं होतं. इथले लोक तेच म्हणत होते. दवाखान्यातल्या नर्सने, घरमालकाने, इतकंच काय, ओला कचरा कुठला आणि जाळायचा कुठला ते समजावणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही तिच्या पोटाकडे बघून एकच प्रश्न विचारला होता: "सातोगाएरी नाही?" सातोगाएरी म्हणजे बाळंतपणाला माहेरी जाणं. मोचिझुकी-सान स्वतः तीन महिने आकिताला आईकडे राहून आल्या होत्या. सहा हजार किलोमीटर दूर येऊनही चारुताला आईचाच प्रश्न दुसऱ्या भाषेत ऐकू येत होता.

तर अशा मनःस्थितीत ती तेराव्या शतकात शिरली.

कागद मिळाले ते इंग्लंडातल्या जुन्या दप्तरांच्या छापील भाषांतरांतून. त्यात एक भलतीच चीज निघाली. वडिलांमागे वतन मिळवायचं तर मुलगा वयात आला हे सिद्ध करावं लागे, आणि जन्मदाखले नव्हते. म्हणून गावचे बारा जण शपथेवर सांगत की हा अमुक दिवशी जन्मला, आणि आम्हाला ते आठवतं, कारण... ॲमाबेलचा थोरला मुलगा रॉजर याच्यासाठी एकाने सांगितलं होतं, की त्या दिवशी मी सफरचंदाच्या झाडावरून पडून नडगी मोडली. दुसऱ्याची बायको त्या आठवड्यात वारली होती. तिसऱ्याने गोठा बांधायला घेतला होता. चौथ्याला, बाळाचा बाप सर राल्फ याने किल्ल्याच्या दारात स्वतःच्या हाताने दारू पाजली होती. चारुताला हे बारा जण फार आवडले. नमुना लहान, स्मरणशक्ती संशयास्पद. पण प्रत्येकाने निरीक्षण आणि तारीख दिली होती. तिच्या गोगलगायींनी एवढंही कधी दिलं नव्हतं.

बाराही जणांचं एका गोष्टीवर एकमत होतं. रॉजर जन्मला हार्डवेलच्या किल्ल्यात.

किल्ला अर्ल ह्यूचा. सर राल्फची स्वतःची जमीन तिथून दीड दिवसाच्या वाटेवर.

चारुता खुर्चीतून उठली. सहाव्या महिन्यात उठता येतं तेवढ्या झटक्याने.

"पहिलं मूल," तिने मोचिझुकी-सानांना फोनवर सांगितलं, "नवऱ्याच्या घरी नाही. अर्लच्या किल्ल्यात."

पलीकडून आवाज आला, "आँ! सातोगाएरी!"

"आणि नवरा दारात उभा राहून लोकांना दारू पाजतोय. म्हणजे जावई सासुरवाडीला आलाय आणि मुलगा झाला म्हणून पेढे वाटतोय."

"अर्थातच," मोचिझुकी-सान म्हणाल्या.

अहवाल चौसष्ट पानांचा झाला. त्यात तीन नकाशे, दोन आलेख आणि एक संभाव्यतेचं गणित होतं, ज्यात अर्लची बाजू चौऱ्याण्णव टक्के निघत होती. असा अहवाल कार्यालयात आठ जणांच्या टेबलांवरून जातो आणि प्रत्येक जण आपला लाल शिक्का मारतो. वरच्या मजल्यावर चहाचं नवं यंत्र घ्यायचा कागद या आठ टेबलांवरून फिरायला पाच आठवडे लागले होते. ॲमाबेलचा बाप दीड दिवसात आठही टेबलं ओलांडून गेला. शिबासाकी-सान म्हणाले, की त्यांची बायकोही दोन्ही वेळा माहेरी नागानोला गेली होती. पुरावा वाचताना घरचंच कोणी वाटत होतं.

शशांकने मात्र जेवताना एक शंका काढली.

"वॉल्टरचं घर कुठे होतं गं?"

"किल्ल्याखालच्या गावात. लोकरबाजारात."

"मग ती तिथे का नाही गेली बाळंतपणाला?"

"कारण ते तिचं माहेर नव्हतं."

"सिद्ध झालं," असं म्हणून शशांकने आमटी वाढून घेतली. त्यालाही यात काही वावगं दिसलं नाही. तो सांगलीचा.

पाटी ओतायला गेली. आजीबाईंना कळवलं गेलं. त्यांनी फळांची पेटी पाठवली. फेब्रुवारीच्या एका रविवारी दुपारी चारुता पडद्यासमोर बसली ती विजयी मुद्रेने. विमानाची मुदत गेल्याच आठवड्यात संपली होती आणि सिंधूताईंनी तिच्याशी चार दिवस अबोला धरला होता. त्यांची समजूत काढायला तिच्याकडे आता सन १२६८चा दाखला होता.

"बघ आई, तू म्हणतेस ते साडेसातशे वर्षांपूर्वी इंग्लंडातही होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यावरूनच तर मी तिचा बाप शोधला."

"मग? एवढी मोठी उमरावाची लेक माहेरी गेली आणि तुला जड झालं." सिंधूताई मेथीचे लाडू वळत होत्या, कोणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. "पुढे किती मुलं झाली तिला?"

"चार. तीन मुलगे, एक मुलगी."

"बाकीची कुठे झाली?"

"तिथेच. हार्डवेललाच."

लाडू वळणारा हात थांबला. "चारही?"

"हो. पण ते अप्रासंगिक आहे. पहिल्याचाच प्रश्न—"

"अप्रासंगिक कसलं, चारू? चौथ्या खेपेला कोण माहेरी बोलावतं? तुझ्या धाकट्या भावाच्या वेळी मी नुसता विषय काढला, तर आई म्हणाली, आता तुझं तू बघ. आणि वहिनीचं तोंड मी सांगत नाही." त्यांनी लाडू ताटात ठेवला. "चारही मुलं जिथे झाली ते माहेर नव्हे गं. ते तिचं घर."

"पण किल्ला अर्लचा होता."

"असेल. तुम्ही राहता ते घर कुठे शशांकरावांच्या बापाचं आहे?"

चारुताने काहीतरी बोलून पडदा बंद केला आणि टिपणं काढली. धाकट्या मुलाचे साक्षीदार तिने वाचले होते, पण 'पहिला नाही' म्हणून बाजूला ठेवले होते. त्यांतला सातवा सांगत होता, की मला तो दिवस आठवतो, कारण त्याच वर्षी मी हार्डवेलच्या वेशीवर पहारेकरी लागलो, सर राल्फच्या हाताखाली. सर राल्फ अर्लच्या वतीने अकरा वर्षं किल्ला सांभाळत होता.

म्हणजे जावई पेढे वाटत नव्हता. तो ड्यूटीवर होता. कंपनीने दिलेल्या जागेत बायकोसह राहत होता, जसा शशांक राहतो. साडेसातशे वर्षांनी कोणी चारुताच्या मुलाचा जन्म उरायासुला झाला असं वाचेल, आणि चौऱ्याण्णव टक्के खात्रीने ठरवेल की चारुताचा बाप उरायासुचा.

तरीही तिने इंग्लंडातल्या त्या दप्तरखान्याला विचारलं. दोन दिवसांनी तिथल्या बाईंचं उत्तर आलं. बाळंतपणाला बायका कधी आईबापांकडे जात, कधी नवऱ्याच्या घरी राहत, कधी जिथे असतील तिथे. त्यावरून बाप ठरवल्याचं त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं होतं, ही पद्धत आपण कुठे शिकलात?

चारुताने एम.एस्सी.ला पहिल्या वर्षी शिकवलेलं वाक्य आठवलं: आपण काय गृहीत धरलंय ते आधी लिहून काढा. तिने चौसष्ट पानांत सगळं लिहून काढलं होतं, हे सोडून. कारण हे कोणी लिहितं का? आणि आठ शिक्के मारणाऱ्या आठ जणांनीही विचारलं नव्हतं. दोन देशांतली इतकी शहाणी माणसं एकाच ठिकाणी इतक्या आनंदाने चुकलेली तिने पाहिली नव्हती.

सोमवारी पाटी तयार होऊन आली होती. शिबासाकी-सानांनी ती मखमलीच्या पेटीत ठेवली होती. तिसऱ्या ओळीतलं 'चारुता दाबके' सुरेख उठून दिसत होतं. चारुता ती पाटी बघत उभी राहिली. गप्प बसली असती तर कोणाला कळणार नव्हतं. इंग्लंडातल्या बाईंना उरायासु कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

"शिबासाकी-सान," ती म्हणाली, "वडील चुकले."

सगळं सांगायला वीस मिनिटं लागली. ऐकताना मोचिझुकी-सान पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "पण मग ती गेली कुठे? आईकडे गेलीच नाही?" त्यांना चूक कळली होती, पटत नव्हती एवढंच.

शिबासाकी-सानांनी पेटीचं झाकण लावलं. मग विचारलं, "वडील लोकरवाले आहेत?"

"तेही सिद्ध होत नाही. माहीत नाही, एवढंच म्हणता येईल."

"आठ शिक्के बसलेत, दाबके-सान."

"मला माहीत आहे."

"वडिलांची ओळ घासून काढता येईल. नवी पाटी ताइआनच्या आत होणार नाही." ते पेटीकडे बघत राहिले. "पण वडिलांची ओळ गेली, तर खालच्या ओळीचं काय? संशोधन, असं आहे. लोक विचारतील, कसलं संशोधन?"

यात दुष्टपणा नव्हता. हिशेब बरोबर होता. फ्रिजवरचा कागद चारुताच्या डोळ्यांपुढे आला, आणि तीन वर्षांच्या सगळ्या 'ओकुसान' हाका.

"दोन्ही घासा," ती म्हणाली.

शिबासाकी-सान उठून कमरेतून वाकले, आणि इतका वेळ वाकून राहिले की चारुतालाही पोट सांभाळत वाकावं लागलं. आजीबाईंना कळवलं गेलं की वडिलांविषयी खात्री नाही. त्यांनी उलट फोनवर विचारलं, "चार बाळंतपणं, आणि एकदाही माहेर नाही?" आणि नातीला एकाऐवजी दोन फुलं ठेवायला सांगितलं. ही गोष्ट कार्यालयात आठही टेबलांवर पसरली आणि मोचिझुकी-सानांनी ती पत्रकात घातली. जिला माहेर मिळालं नाही ती लेडी ॲमाबेल. महिन्याभरात जूनच्या सगळ्या ताइआन भरल्या. अर्लची मुलगी असताना इतक्या कधीच भरल्या नव्हत्या.

ज्या लेकीला माहेरी येता येत नाही तिच्याकडे माहेरानेच जावं, असं ठरवून सिंधूताई मार्चमध्ये नारिताला उतरल्या. मेथीचे लाडू, डिंक, खारका आणि मालिश करायचं तेल असा ऐवज त्यांनी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला एकेक करून मराठीतून समजावला, आणि तो बिचारा शेवटी स्वतःच पिशवी बांधायला लागला.

उद्घाटनाच्या दिवशी चारुता त्यांना घेऊन गेली. पहिलं लग्न लागून गेलं होतं, पायाशी दोन फुलं होती. सिंधूताईंनी चष्मा लावून दगडी बाईला आपादमस्तक पाहिलं, कुत्र्यालाही पाहिलं, मग उशाशी लावलेली पाटी. वर एक ओळ, खाली घासून चकचकीत झालेली रिकामी जागा.

"ही जागा कसली गं मोकळी?"

"बापाच्या नावाची. त्याखालची माझ्या नावाची होती."

"आणि आईची?"

चारुताने मनातल्या मनात चौसष्ट पानं उलटली. नकाशे, आलेख, टक्के. तिथे हा रकानाच नव्हता. पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांनी विचारलं नव्हतं, आजीबाईंनी नाही, आठ शिक्क्यांनी नाही. गोगलगायींवर दोन वर्षं काढलेल्या मुलीनेही नाही.

"तिला ठेवलीच नव्हती," ती म्हणाली.

"बापामागे धावताय सगळे." सिंधूताईंनी दगडी हातावरची धूळ पदराने पुसली. "चारही खेपांना हिच्याजवळ कोण येऊन राहिलं होतं, ते शोधा आधी. कोणीतरी आलंच असेल. बाप काय, सापडेल मागाहून."

शिबासाकी-सान मागे येऊन उभे होते. आई काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. चारुताने शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी खिशातली वही काढली, सगळं टिपून घेतलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, "ही शंका कोणाच्या नावावर लिहू?"

चारुताने पाटीवरच्या चकचकीत जागेकडे पाहिलं. "सिंधू आठल्ये," ती म्हणाली.

"काय विचारतोय गं तो?"

"तुझं नाव."

"ते कशाला? त्याला सांग, पोरगी उभी आहे केव्हापासून. आधी खुर्ची दे म्हणावं."